गाडी येईपर्यंत उघडं दार

उताराला लागताना ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावायचं नाही, हा ओंडके वाहणाऱ्या गाड्यांचा कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. मागे साखळ्यांनी आवळलेले ओंडके, पुढे वळणावर वळण, आणि ब्रेक असे की त्यांच्यापेक्षा सासऱ्यावर भरवसा ठेवलेला बरा. एकदा ते तापले की गाडी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. मग ड्रायव्हरने उडी मारायची. कडी काढण्यात वेळ जाऊ नये म्हणून दार नुसतं दोरीच्या फासात अडकवलेलं असायचं, एका लाथेत उघडेल असं.

सावकाशने जन्मभर हेच केलं. खरं नाव त्याचं त्यालाच आठवावं लागे. गाडी तो इतकी जपून हाकायचा की ओंडके भरणारे हमाल म्हणत, "याच्या गाडीत नवरी बसवली तर आजी होऊन उतरेल." तो हसायचा आणि पहिल्या गियरमध्येच उतरायचा. लांब नाकाची जुनी गाडी ती. चढाला रडायची, उताराला किंचाळायची, आणि थंडीच्या दिवसांत हमाल तिच्या बॉनेटवर जेवणाचे डबे गरम करायचे. कुणाचा डबा करपला की शिव्या मात्र सावकाशला.

त्याच्या पुढची गाडी गवई चालवायचा. गळा भसाडा, हौस दांडगी, म्हणून गवई. एका पावसाळी दुपारी अंगावर पाणी येतं म्हणून त्याने उतारावरच दार ओढून घेतलं. कडी पक्की बसली. साखळी तुटून ओंडके पुढे आले ते केबिनमधून आरपार गेले. दार कापून काढावं लागलं आणि कापणाऱ्यांत सावकाश होता. तेव्हापासून त्याला कुठलंच दार लावलेलं सोसेना. न्हाणीघराचंसुद्धा तो अर्धवट लोटायचा, आणि पुढे घरात सून आल्यावर बिचारीची पंचाईत व्हायची.

बायकांनी घरी आपलाही एक कायदा केला होता. नवऱ्याची गाडी वखारीत शिरल्याचा आवाज येईपर्यंत घराचं दार लावायचं नाही, मग कितीही वारं सुटो. माणूस आला एवढ्यावर त्यांचं समाधान नसे. उडी मारलेला माणूसही घरी यायचाच, कुणाच्या तरी खांद्यावर, आणि मग कायमचा भिंतीला टेकून बसायचा. गाडी आली म्हणजे सगळं धड आलं.

पुढे डोंगर बोडका झाला आणि तोड थांबली. गाड्या वखारीमागे ओळीने उभ्या राहिल्या. टायर गेले, काचा गेल्या, भंगारवाल्यांनी निघेल ते काढून नेलं. करवत चालवणारे, साखळ्या आवळणारे, सगळे पांगले. कुणी बिल्डिंगच्या फाटकावर वॉचमन झाला, कुणी खोकत घरी बसला. सावकाशची गाडी केबिनसकट उरली, कारण ती फुकटसुद्धा कुणाला नको होती.

आणि मग त्याच्या बायकोचं डोकं मागे जाऊ लागलं. आधी चुलीवरचं विसरली, मग मुलाचं वय, मग नवऱ्याचा चेहरा. सुनेला हळूच विचारायची, "हे पाहुणे जाणार कधी गं? ते आले की जागा पुरायची नाही." सून तोंडाला पदर लावून हसायची आणि आत जाऊन डोळे पुसायची. गाडीची वाट पाहणं तेवढं बायको विसरली नाही. दार उघडं दिसलं की निघाली रस्त्याने. एकदा बसखाली येता येता वाचली.

मुलगा वाईट नव्हता. दिवसभर दोघं नवराबायको कामावर. त्याने दाराला नवी कडी बसवली आणि म्हणाला, "बाबा, ती पुन्हा बाहेर गेली तर मला तिला म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात ठेवावं लागेल. तिथे चोवीस तास माणसं असतात. एवढी कडी लावा, बास."

"लावतो रे. तिला नको नेऊ कुठे," सावकाश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. त्याने डोळे मिटून कडी लावली. बायको उठून बसली.

"कडी कुणी लावली? ते अजून उतारावर आहेत!"

"अगं, मी आलोय. हा काय मी, तुझ्यासमोर."

"तुम्ही बसा हो काका. मी त्यांचं म्हणतेय." ती कडी ओढू लागली. नख तुटलं तरी थांबेना. "उघडा ना हो. पावसाचं दार लावू नये!"

लोखंडाचा तो खडखडाट सावकाशच्या ओळखीचा होता. गवईचं दार कापतानाही असाच आवाज होता. त्याने कडी काढली, उंबऱ्यात खुर्ची टाकली आणि पाय आडवे करून बसला. डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, स्वतःला बजावलं. स्टिअरिंगवर जागण्यात त्याची हयात गेली होती. पण ते अंग आता राहिलं नव्हतं.

जाग आली तेव्हा पाऊस थांबला होता आणि तिची शाल त्याच्या गुडघ्यांवर होती. झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायचं नसतं, हे ती विसरली नव्हती. पायांना धक्का न लावता ओलांडून गेली होती.

वखारीमागे त्याच्या गाडीत ती सापडली, क्लीनरच्या जागेवर, ओलीचिंब, काकडलेली. ड्रायव्हरची जागा तिने मोकळी ठेवली होती. छातीत कफ झाला, दवाखाना झाला आणि तिथून मुलाने तिला परस्पर केंद्रात नेलं.

भेटायच्या दिवशी तो मुलाबरोबर गेला. लांबट खोली, लोखंडी खाटा, टोकाला जाड दार. ती दाराकडे तोंड करून बसलेली.

"काका, गाडी आली का हो?"

आजवर या प्रश्नाला त्याने दरवेळी 'मी आलोय' असं सांगितलं होतं. आज समजवायचं त्राण नव्हतं. तो नुसतं म्हणाला, "आली."

"वखारीत लागली?"

"लागली. धड आहे सगळं."

तिचे खांदे सैल पडले. कितीतरी दिवसांनी ती भिंतीला टेकून बसली. "मग लावून घ्या ना दार. केवढं गार येतंय."

सावकाश खाटेची कड धरून उभा राहिला. मी आलोय, मी आलोय म्हणून घसा कोरडा केला, पण त्याचं कुणी विचारलंच नव्हतं. गाडी आली, एवढं एक सांगितलं असतं, तर ती घरात असती.

"घरी नेऊ या तिला," तो मुलाला म्हणाला. "मला कळलंय आता काय सांगायचं ते. नाही जाणार ती."

"बाबा, कडी लावतो हेसुद्धा तुम्हीच म्हणाला होतात," मुलगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

भेटीची वेळ संपली. ती डोळे मिटून शांत पडली होती. सावकाशने बाहेर येऊन दार स्वतःच्या हाताने घट्ट ओढून घेतलं, तिने सांगितलं होतं म्हणून. मग तिथल्या बाईने बाहेरून कडी घातली.