सात ते आठची लाली

मेकअप न करता ऑफिसला गेले की लोक माझ्या तब्येतीची चौकशी करतात. पूर्णा गावात एका गोदामाच्या डिस्पॅच ऑफिसात मी बसते. काजळ राहिलं तर गेटवरचा वॉचमन विचारतो, "मॅडम, बुखार है क्या?" लिपस्टिक राहिली तर सुपरवायझर म्हणतो, हवं तर हाफ डे टाका. एकदा दोन्ही राहिलं, तर कुणीतरी माझ्यासाठी न विचारताच लिंबूपाणी मागवलं. मी ते प्यायले आणि कामाला लागले.

बरं, जरा जास्त केला तरी सुटका नाही. मग "आज काय विशेष?" सुरू होतं. म्हणून मी माप ठरवून टाकलंय, कुणी काही विचारणार नाही इतकाच मेकअप. थोडं कॉम्पॅक्ट, काजळ आणि जवळजवळ ओठांच्याच रंगाची लिपस्टिक. ओठांच्याच रंगाची लिपस्टिक ओठांना कशाला लावायची, हे माझ्या नवऱ्याला बारा वर्षांत कळलेलं नाही. मलाही ते त्याला नीट सांगता आलेलं नाही.

हा सगळा थाटमाट मी सकाळी आठनंतर करते, कारण सात ते आठ मी जिमला असते. टेमघरला आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून, साड्यांच्या दुकानाच्या वर, लेडीज जिम आहे. तिथली ट्रेनर पंचविशीची पोरगी आहे आणि शिस्तीला हेडमास्तरीण. तिचा पहिला नियम, तोंड धुऊन यायचं. घाम आणि फाउंडेशन एकत्र आलं की चेहऱ्याचा चिखल होतो, असं ती पहिल्याच दिवशी सुनावते. मला ते पटलं. मी कोऱ्या तोंडाने जाते, घाम गाळते, घरी येऊन आंघोळ करते आणि मग चेहऱ्याची दारं-खिडक्या रंगवते.

माझ्या शेजारच्या ट्रेडमिलवालीला मात्र हा नियम कधी लागू झाला नाही. तिच्या घरचे कापड विणायचे लूम आहेत. ती येते, बुरखा काढून खिळ्याला अडकवते, पर्समधून छोटा आरसा काढते, काजळाची रेघ ओढते, गडद लाली लावते आणि मग पट्ट्यावर चढते. ट्रेनरने महिनाभर वाद घातला आणि नाद सोडला. मी एकदा तिला विचारलंच की लोक बाहेर पडताना नटतात, तू इथे घाम गाळायला येऊन कशी नटतेस. ती चालता चालता म्हणाली, "घर में किसको टाइम है देखने का? इधर चारों तरफ आईना है. मैं खुद ही देख लेती हूँ." मी माझा स्पीड वाढवला.

मग जिममध्ये माझ्या सासूबाई आल्या. मी त्यांना आई म्हणते. वय चौसष्ट, गुडघे कुरकुरणारे, डॉक्टरने सांगितलं की बसून राहिलात तर बसूनच राहाल. मी त्यांना जिना चढवून वर आणलं. त्या नेहमीच्या लुगड्यात होत्या. ट्रेनर म्हणाली, आजी, ट्रॅकपँट लागेल. आईंनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "काष्ट्याला काय झालाय? या लुगड्यावं मी चिखलात भात लावलाय. तुज्या सायकलीवं बसाला नाय येनार?" आणि बसल्या. दहा मिनिटं पायडल मारलं, काष्टा जागचा हलला नाही. ट्रेनर माझ्या ट्रॅकपँटकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागली.

इथे खारबावच्या काकींबद्दल सांगायला हवं. काकी म्हणजे आईंच्या धाकट्या जाऊ. आमचं मूळ घर खारबावचं, मुलांच्या शाळांसाठी आम्ही टेमघरला आलो, काका-काकी गावच्या घरातच राहिले. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आईंचं कपाळ रिकामं आहे आणि ते तसंच राहील याची काळजी काकींनी घेतली. हळदीला कुठली विधवा किती पुढे बसली, कुणाच्या काठात किती लाल आहे, काकींच्या नजरेतून काही म्हणून सुटत नाही. आई एकदा एका हळदीला मरून रंगाच्या काठाचं लुगडं नेसून गेल्या होत्या. काकी भर मांडवात म्हणाल्या, "बाय, दादांना जाऊन वरीस न्हाय झाला, आन् तुजा काठ बग." आई जेवण न करता परत आल्या. पुढे ते लुगडं कपाटातून बाहेर निघालं नाही. मला काकींचा राग होता, आणि तो मी कधी लपवलाही नाही. स्वतःच्या कपाळावर ठसठशीत कुंकू मिरवत दुसरीचा काठ मोजायचा, हे मला सहन व्हायचं नाही.

तर आईंना जिमला येऊन महिना झाला असेल. लूमवाली एकदा आईंना म्हणाली, "आंटी, होंठ कितने सूखे हैं आपके," आणि बोटाने व्हॅसलीन लावलं. मग हळूच म्हणाली, "ज़रा सा रंग लगा दूँ?" आईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हिला चार शब्द ऐकायला मिळणार. आई म्हणाल्या, "लाव. हितं कोन बगतंय."

आयुष्यात त्यांनी लाली लावली नव्हती. लग्नात ओठ रंगले ते पानाने, आणि सवाष्णपणीसुद्धा लाली म्हणजे नाटकातल्या बायकांचं काम होतं. त्या दिवशी त्या सायकलवर बसल्या आणि समोरच्या आरशात बघत राहिल्या. ट्रेनरने पंधरा मिनिटं सांगितली होती, त्यांनी अर्धा तास पायडल मारलं. गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही. चौथ्या दिवशी लूमवालीने गुलाबी पुढे केली तर म्हणाल्या, "ही नको. ती विटकरी दे. गुलाबी मना शोबत न्हाय." मी बारा वर्षं माझी शेड शोधतेय आणि माझ्या सासूला ती चार दिवसांत सापडली. मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

अट एकच होती. "खारबावला कलता कामा नये," त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. "धाकटीला कलला तं मना भावकीत तोंड दाखवाला जागा न्हाय राहाची. मंग जिम बी बंद न लाली बी बंद." त्या खरोखर घाबरल्या होत्या. मी वचन दिलं. आठला पाच कमी असताना मी खोबरेल तेलाचा बोळा आणि ओला रुमाल काढायची, त्या ओठ पुसायच्या, मी त्यांना खिडकीजवळ उभं करून तपासायची. "हसा. आता मिटा. डावीकडे थोडी राहिलीय." मग आम्ही दोघी कोऱ्या तोंडाने रस्त्यावर यायचो. असे पाच महिने गेले आणि मी एकदाही चुकले नाही.

चुकले ती नेमकी त्या सकाळी. पावणेआठ वाजले होते, नवऱ्याचा फोन आला. खारबावचे काका पहाटे झोपेतच गेले. तो म्हणाला, "तू आईला घेऊन तशीच निघ, मी पोरांची सोय करून मागून येतो. तिकडे सगळे तिच्यासाठी खोळंबलेत."

खोळंबले होते ते रिवाजासाठी. आमच्या भावकीत नवरा गेला की बायकोचं कुंकू घरातल्या सगळ्यात मोठ्या विधवेने पुसायचं. तिचा हात लागल्याशिवाय बांगड्या फुटत नाहीत आणि मयत उचलत नाहीत. आमच्या घरात ती मोठी विधवा म्हणजे आई.

लूमवाली धावत खाली गेली आणि रिक्षा थांबवून उभी राहिली. मी ट्रॅकपँटवरच ओढणी घेतली. आईंना तर काही बदलायचंच नव्हतं. रिक्षात त्या पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा दीर शाळेत जायचा, त्यांनी त्याचे डबे भरले होते, ते सगळं त्या पदराआडून सांगत राहिल्या. मी त्यांचा हात धरून बसले. मध्येच रिक्षाच्या आरशात मला माझा चेहरा दिसला आणि मनात आलं, बरं झालं, आज तोंड कोरं आहे, मयताच्या घरी नटून गेल्यासारखं दिसणार नाही. इतका विचार मी स्वतःच्या तोंडाचा केला.

घरात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. त्यांनी आईंना वाट करून दिली. काकी काकांच्या उशाशी बसल्या होत्या, हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू. इतक्या बारक्या त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. कुणीतरी ताटलीत ओलं फडकं पुढे केलं. ते घ्यायला आईंनी तोंडावरचा पदर सोडला, आणि मला दिसलं.

विटकरी. दोन्ही ओठांवर, शिवाय पदराने घासून डाव्या बाजूने हनुवटीपर्यंत उतरलेली.

मी बायकांच्या मागून खुणा करायला लागले, स्वतःचे ओठ बोटांनी पुसून दाखवायला लागले. आईंचं लक्ष नव्हतं. एका पोरीचं गेलं, तिला वाटलं मला तहान लागलीय, तिने तांब्या भरून आणला. तोपर्यंत पुढच्या दोघी-तिघींनी बघितलं होतं. रडणं हळूहळू थांबलं. काकींनी मान वर केली आणि त्यांची नजर आईंच्या ओठांवर येऊन थांबली.

आईंना त्या नजरेवरूनच कळलं. त्यांनी ओठाला बोट लावलं, बोटाकडे बघितलं. हातात ओलं फडकं होतंच. एकदा तोंडावरून फिरवलं असतं तर पानाचा डाग, औषध, काहीही सांगून मी वेळ मारून नेली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, पुसा आई, पुसा.

त्यांनी पुसलं नाही. फडकं ताटलीत परत ठेवलं.

"माज्या तोंडाला लाली हाय, धाकटे," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. "आजचीच न्हाय, रोजची हाय. आता या हातानं तुजा कुंकू मी कशी पुसू?"

मागून एक म्हातारी म्हणाली, "अगं मोठे, येल जातंय. पुस न मोकली हो."

"ज्यांना पुसाचा हाय त्यांनी फुडं यावा," आई म्हणाल्या.

कुणी हललं नाही. म्हातारीसुद्धा नाही. आई तिथेच मांडी घालून बसल्या, काकींच्या समोर. पाच महिने जिला त्या घाबरत होत्या तिच्यापासून आता वीतभर अंतरावर त्यांचं तोंड होतं. मला लाज वाटत होती, भीती वाटत होती आणि त्या बाईचा इतका अभिमान वाटत होता की मला रडू आवरेना.

काकींनी हात उचलला. मला वाटलं, आता थोबाडीत देणार, नाहीतर स्वतःच ती लाली पुसून टाकणार. त्यांनी आईंची हनुवटी धरली. अंगठ्याने हनुवटीवर पसरलेला रंग पुसला, मग ओठांच्या डाव्या कडेबाहेरचा, सावकाश, कडेकडेने. ओठांपर्यंत आल्या आणि थांबल्या. ओठांना त्यांनी हात लावला नाही.

"पसरली व्हती," काकी म्हणाल्या.

मग त्यांनी आईंच्या मांडीवर डोकं टाकलं आणि मोठ्याने रडायला लागल्या. आई त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. बाहेरून पुरुषांनी आवाज दिला, आतलं सगळं आटपलं का. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मांडीवरच्या कपाळावर कुंकू तसंच होतं.

"आटपला," आई म्हणाल्या. "उचला."