गोळी कशानं अडकत होती

बाबांचं पिस्तूल बाबांपेक्षा वयानं मोठं होतं. खारबावच्या आमच्या शेतांच्या आसपास गोदामं उठायला लागली तेव्हा जमिनीवरून भावकीत वाद झाले. एकदा भरदुपारी अंगणात येऊन कुणीतरी धमकी देऊन गेलं. त्यानंतर बाबांनी परवाना काढला आणि ठाण्याच्या एका दुकानातून हे जुनं विलायती पिस्तूल घेतलं. याला वीसेक वर्षं झाली. धमकी देणारे परत कधी आले नाहीत. पिस्तूल मात्र कपाटात राहिलं. बाबा वर्षातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन ते चालवून यायचे, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायचे.

मागच्या निवडणुकीनंतर ते सोडवून आणलं आणि बाबा रेंजवर गेले. मी वळ गावातल्या एका गोदामात डिस्पॅच बघते. संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "गोली अडकते. दोन सुटल्या का तिसरी तोंडाशी येऊन बसते. पोलीस ठाण्यातल्या लोकांनी पाडलं आसंल."

पुढच्या सुट्टीला मी त्यांना गाडीतून ठाण्याला घेऊन गेले. परवान्याचं पुस्तक त्यांच्या खिशात, पिस्तूल रिकामं करून पेटीत. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत एक म्हातारे मिस्त्री बसायचे. वडिलांच्या काळापासून हेच काम करत आलेले. त्यांनी आधी आत गोळी नाही ना हे दोनदा पाहिलं, मग मुठीतलं गोळ्या भरायचं मॅगझिन काढून बोटानं दाबून बघितलं.

"स्प्रिंग थकली आहे साहेब," ते म्हणाले. "खालून गोळी वर ढकलायची ताकदच नाही हिच्यात."

बाबांचा चेहरा खुलला. "बघ बाय, मी बोललो नव्हतो?"

पेटीत आणखी एक मॅगझिन होतं; मिस्त्रींनी दोन्हींच्या स्प्रिंगा बदलल्या. एका मॅगझिनचे वरचे पत्रे किंचित फाकले होते, त्यामुळे गोळी तिरकी वर येत होती. त्या मॅगझिनवर त्यांनी खडूनं खूण केली आणि ते बाजूला ठेवलं. आतली जुनी ग्रीस घट्ट होऊन काळी पडली होती, ती पुसून काढली. जुन्या गोळ्या वापरू नका, नव्या आणा, असंही बजावलं. मला त्यांची ती पद्धत आवडली. एकेक कारण शोधायचं आणि दूर करायचं.

दहा दिवसांनी आम्ही तिघं रेंजवर गेलो. मिस्त्रींनी सात गोळ्या भरल्या आणि सातही सुटल्या, काही अडलं नाही. मग बाबा उभे राहिले. तिसरी अडकली. मिस्त्रींनी ती काढली, पिस्तूल पुसलं, गोळ्यांचा दुसरा डबा फोडला. या वेळी दुसरीच अडकली. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन, तोच डबा मिस्त्रींनी स्वतः घेतला. पुन्हा सातच्या सात सुटल्या.

बाबा कानावरचे मफ काढून पाणी प्यायला गेले तेव्हा मिस्त्री माझ्याजवळ आले.

"ताई, पिस्तुलात आता काही खोट नाही." त्यांनी मूठ वळून दाखवली. "गोळी सुटली की वरची स्लाइड मागे जाते. मूठ घट्ट असेल तर ती पूर्ण मागे जाते आणि नवी गोळी नीट आत येते. मनगट ढिलं पडलं की हात पण तिच्याबरोबर मागे जातो. स्लाइड अर्धीच जाऊन परत येते." मग आवाज उतरवून म्हणाले, "साहब का हाथ काँपता है. मैं बोलूँ तो उनको बुरा लगेगा. आप घर की हो."

मी मान हलवली. मला नवल वाटलं नाही, हेच वाईट होतं. सहा महिन्यांपासून बाबा चहा कपातून न पिता बशीत ओतून प्यायला लागले होते, आणि अर्धा चहा ट्रेमध्ये सांडायचा. सदऱ्याची वरची दोन बटणं आई लावून द्यायची. आम्ही दोघी त्यावर एकमेकींशीही बोललो नव्हतो.

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "ह्यो मिस्त्री पन म्हातारा झाला. दुसरा बघू."

"बघू," मी म्हणाले.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. आज सांगू, रविवारी सांगू, करत तीन आठवडे गेले.

मग एका रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालून घरात आले. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर फडकं, तेलाची बाटली, गोळ्यांचा डबा. त्यांनी मॅगझिन भरून पिस्तुलात घातलं होतं आणि गोळी आत जाते का ते घरच्या घरी बघत होते. गोळी अर्ध्यात अडकली होती. स्लाइड मागे ओढायला जोर लागत होता आणि त्यांच्या उजव्या हाताला तो जोर धरता येत नव्हता. नळी टेबलावरून भिंतीवर गेली, भिंतीवरून फ्रिजवर, तिथून स्वयंपाकघराच्या दाराकडे. दारातून आईची पाठ दिसत होती. ती भाकरी थापत होती.

"बाबा, खाली ठेवा."

"थांब. आता निंगेल."

"बाबा, आई हाय तिथं. खाली ठेवा!"

माझा आवाज ऐकून आईनं वळून पाहिलं. तिच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. बाबांनी पिस्तूल फडक्यावर ठेवलं, नळी रिकाम्या भिंतीकडे करून. तेवढं त्यांना अजून आपोआप जमत होतं.

"पिस्तूल चांगलं हाय बाबा," मी म्हणाले. "मिस्त्रीनं चालवलं तर एकदाही अडकलं नाही. तुमचा हात हलतो. त्यानं अडकतं."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात फडक्यावर पडला होता, आणि नुसता पडलेला असतानाही अंगठा तर्जनीवर घासत होता.

"तुला मिस्त्री बोलला?"

"हो."

"कवा?"

"रेंजवर. तीन आठवडे झाले."

"आनि तू मना आज सांगतंस." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी मिस्त्रींना फोन केला. कुणी हात लावू नका, खोलीतून बाहेर या, मी येतो, असं ते म्हणाले. आम्ही तिघं अंगणात जाऊन बसलो. तास-सव्वा तासानं ते मोटारसायकलवरून आले, एकटेच आत गेले आणि पाचेक मिनिटांत पिस्तूल रिकामं करून बाहेर आले. बाबांनी त्यांना विचारलं, "पोरगी बोलते ते खरं हाय?"

मिस्त्रींनी खाली बघत मान हलवली. "हां साहेब."

"मग तुमी तरी तवाच सांगायचं."

त्याच आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. कंपवात निघाला. औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या. पिस्तूल बाबांनी स्वतः दुकानात जमा केलं आणि परवाना परत करायचा अर्ज दिला. कचेरीतल्या कारकुनानं कारण विचारलं. मी "वय" म्हणणार होते. बाबा माझ्याआधी बोलले, "लिवा, हात चालत नाय." सही करायला त्यांना खूप वेळ लागला. मागे रांग होती. मी पेन धरायला हात पुढे केला तर त्यांनी कोपरानं तो बाजूला सारला.

नंतर महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. आता बोलतात. औषधानं हात थोडा बरा आहे. आई त्या सकाळचा विषय काढत नाही. पण गोदामात एखादा ट्रक भरून जात असतो, मी यादीवर खुणा करत उभी असते, आणि मध्येच मला आईची पाठ दिसते. तीन आठवडे मला ठाऊक होतं. त्या तीन आठवड्यांत ते आणखी किती वेळा त्या टेबलाशी बसले असतील, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.