दारावरची सतरा नावं

जर्मनीतलं माझं पहिलं काम टिकलं ते ओमांमुळे. ओमा म्हणजे आजी. सगळं गावच त्यांना तसं म्हणायचं. पंच्याऐंशीच्या असतील, पण सतरा नावं त्या एका दमात म्हणायच्या, आपण शाळेत पाढे म्हणायचो त्या ठेक्यात.

ती नावं गावच्या जुन्या धान्यकोठाराच्या दारावर, आतल्या बाजूला खडूनं लिहिलेली. दीडशे वर्षांपूर्वी इथले सतरा जण अमेरिकेला गेले, तिथं मक्याच्या मुलखात त्यांनी एक खेडं वसवलं आणि त्याला याच गावाचं नाव दिलं. निघताना प्रत्येकानं दारावर नाव लिहिलं होतं. खडू पुसट होतो, म्हणून दर वसंतात ओमा त्याच रेषांवरून पुन्हा खडू फिरवायच्या.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नववीत शाळा सुटलेली, नवऱ्याच्या नोकरीमागे इथवर आलेली, जर्मन बोलता यायचं ते वीसेक शब्द, समजायचं मात्र त्याहून बरंच. अमेरिकेतल्या त्या खेड्याचे पाहुणे येणार म्हणून गावसमितीनं मला कोठार झाडायला लावलं. पाहुणे यायचे म्हणजे दार स्वच्छ हवं. पोरांनी गिरगटलंय असं समजून मी ते ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं. खिडकीत खडू सापडला, त्यानं उंबऱ्यात रांगोळीही काढली.

गावसमितीचे अध्यक्ष आले आणि दाराकडे बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तेवढ्यात मागून ओमा आल्या.

"मीच पुसायला सांगितलं तिला. यंदा नव्यानं लिहायचंय."

अध्यक्षांना ते पटलं नसावं, पण ओमांना उलट बोलायची गावात रीत नव्हती.

ते गेल्यावर ओमांनी खडू माझ्या हातात दिला. माझं अक्षर वाईट आहे, मी कसंबसं सांगितलं.

"अगं, त्यांचं तरी कुठं चांगलं होतं? मी जन्मात हे गाव सोडलं नाही. घर सोडून तू आलीस. तूच लिही."

त्या बोटानं हवेत अक्षर काढायच्या, मी दारावर. बाराव्या नावाशी त्या थांबल्या. ती त्यांच्या पणजीची थोरली बहीण, एकटीच गेलेली.

"तिच्या थडग्यावर आमच्यातल्या कुणी अजून एक फूल ठेवलेलं नाही," एवढंच म्हणाल्या.

पाहुणे आले, त्या अक्षरांवरून हात फिरवून रडले. ओमांनी कुणाला काही सांगितलं नाही, मलाही पुन्हा विषय काढू दिला नाही. पुढं आम्ही म्युनिकला आलो आणि त्याच हिवाळ्यात ओमा गेल्या. मला जाता आलं नाही.

ओमा, एक दिवस मी त्या मक्याच्या गावी जाईन. ते थडगं शोधीन, फूल ठेवीन आणि कुणी विचारलंच, तर सांगेन, मी हिच्या घरची आहे.