दप्तरदारांनी पाहिलेली गाडी

गाडी बघायला बोलावणाऱ्या माणसाला खरं ऐकायचंच नसतं, हे श्रीनाथ दप्तरदारांना पस्तीस वर्षांत पुरतं कळून चुकलं होतं. तो आधीच रंगावर भाळलेला असतो, सायलेन्सरच्या आवाजाने अर्धा खलास झालेला असतो. आता कुणीतरी वडीलधाऱ्याने ‘घे’ म्हणावं, एवढीच त्याची इच्छा उरलेली असते. दप्तरदार ‘नको’ म्हणाले की तो असा चेहरा करतो, जणू यांनी त्याच्या ठरलेल्या लग्नात खोडा घातला. विकणारा शिव्या देतो, घेणारा तोंड फिरवतो. तरी पुढच्या आठवड्यात आणखी कुणाचा फोन येतोच.

शिंदेशाहीत या घराण्याकडे दप्तर होतं म्हणे. ते दप्तर कधीच गेलं, आडनाव तेवढं राहिलं. श्रीनाथरावांनी उमेदीची दहा वर्षं उज्जैनलाच, देवास गेटच्या एका गॅरेजात आणि पुढची बावीस इंदूरच्या मोठ्या वर्कशॉपात काढली. तिथे परदेशी गाड्या यायच्या. निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसावं तर लोक बसू देईनात. उज्जैनला स्पोर्ट्स गाड्या कुठून आल्या, असं बाहेरचे लोक हसून विचारतात. आल्या. बायपासकडच्या जमिनींना भाव आला आणि त्यामागोमाग या गाड्याही आल्या. हौसेने घ्यायच्या, पहिल्या दहा स्पीडब्रेकरांवर पोट घासून घ्यायचं आणि वर्षाच्या आत विकायला काढायच्या. मग दुसरा हौशी येतो आणि दप्तरदारांना बोलावणं जातं.

किमतीचं त्यांचं गणित साधं होतं. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या, सारख्याच चाललेल्या दोन गाड्या घ्या. एक तीस लाखांना स्वस्त, दुसरी बावीसलाही महाग. फरक असतो तो फाईलचा. असली गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त, म्हणून तिचं तेल किलोमीटर मोजून नाही, वर्ष मोजून बदलायचं असतं. ज्याने वर्षात दोन हजार किलोमीटर फिरवूनही तेल बदललं, तो मालक सरळ. ज्याच्या वहीत दोन वर्षांची पानं कोरी आणि पुढे एकाच शाईत, एकाच हाताने तीन सह्या, त्याच्या गाडीला हात लावायचा नाही. टायरवरचे, तो बनल्याचा आठवडा आणि साल सांगणारे चार आकडे, काचेच्या कोपऱ्यातलं साल आणि वहीतल्या तारखा यांचा मेळ बसला नाही, की दप्तरदार चष्मा खिशात घालून चालू पडायचे. विक्रेते त्यांना टरकून होते.

हे सगळं वाचावं लागतं. आणि गेल्या दीड वर्षापासून दप्तरदारांना वाचता येत नव्हतं.

डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. कडेकडेने सगळं दिसायचं, माणूस चालाफिरायला ठणठणीत. पण ज्याच्याकडे रोखून बघावं, तिथे नेमका धुरकट डाग. इंदूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, गेलं ते परत यायचं नाही. दप्तरदारांनी हे कुणाला सांगितलं नाही; बोलावणी तर उलट वाढलीच होती. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा यशोधन सकाळी सातला इंदूरची बस धरणारा. सांगायचं कुणाला आणि कशाला? ‘दप्तरदारांनी पाहिली’ या दोन शब्दांपलीकडे त्यांच्याकडे आता होतं तरी काय!

कळलं ते फक्त सुनेला. देवश्री साताऱ्याची, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. सासरे वर्तमानपत्र उलटं धरून बसलेत, हे तिने एकदा पाहिलं आणि काही न बोलता ते सुलट करून दिलं. तोवर ते ‘चष्मा विसरलो’ म्हणून विकणाऱ्यांकडूनच तारखा वाचून घ्यायचे; त्या दिवसापासून दोघांचं जमलं. गाडी हाताने आणि कानाने दप्तरदार बघायचे आणि फाईलची झेरॉक्स घरी आणायचे. दुपारी जेवणं आटोपली की देवश्री तारखा, किलोमीटर आणि शिक्के वाचायची. रिपोर्ट तीच लिहायची, सही त्यांची.

लाल गाडीचं असंच झालं. दोन सीटांची, टप उघडणारी, परदेशी बनावटीची. घेणारा आल्हाद, टावर चौकाजवळ दाताचा दवाखाना चालवणारा, दप्तरदारांच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. अकरा वर्षं लोकांच्या दाढा उपटून त्याने या गाडीसाठी पैसे साठवले होते. “काका, बाजूच्या सीटवर इशिताला बसवीन आणि रोज शाळेत सोडीन. पोरगी आतापासूनच नाचून राहिली आहे,” असं तो तीनदा सांगून चुकला होता. दप्तरदारांनी गाडीभोवती बोटं फिरवली. बॉनेट आणि मडगार्डमधली फट दोन्हीकडे सारखी. पुढच्या डाव्या बोल्टची कड मात्र किंचित झिजलेली लागली, म्हणजे कधीतरी पाना लागला होता. “बंपर बदला है साहब, स्पीडब्रेकर पे घिस गया था,” डीलर म्हणाला. तसं तर प्रत्येक गाडीचं होतं. वहीत बंपरची नोंद होती, सात वर्षांच्या सात सर्व्हिस होत्या, शिक्के चोख. ‘गाडी चांगली, भाव रास्त,’ असा रिपोर्ट गेला. आल्हादने पेढे पाठवले.

रिपोर्टला दोन दिवस झाले. गुरुवारी दुपारी भांडी आवरता आवरता देवश्री म्हणाली, “बाबा, त्या लाल गाडीच्या फाईलमध्ये कुणाचा तरी राजीनामा आलाय चुकून. झेरॉक्स आहे, पण परत करायला हवा ना?”

“काय आलंय?”

“राजीनामा. ड्रायव्हरने वगैरे नोकरी सोडली असेल. अक्षर भयंकर आहे, मी वरचं तेवढं वाचलं आणि बाजूला ठेवला. आपल्याला तारखा आणि किलोमीटरच हवे असतात ना, म्हणून बोलले नाही.”

दप्तरदार खुर्चीत सरळ झाले. साताऱ्यात राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. उज्जैनला नोकरी सोडतात तेव्हा इस्तीफा देतात. इकडे राजीनामा होतो तो ठाण्यात, कोर्टात, भांडणारे दोन पक्ष राजी झाले म्हणजे. हे या गावात शेंबडं पोरही सांगेल. पण ही पोरगी इथली नव्हती, आणि ज्याला माहीत होतं त्याला दिसत नव्हतं.

“वाच,” ते म्हणाले. “सावकाश, एकेक शब्द.”

देवश्री अडखळत वाचू लागली. “‘ट्रैक्टर-ट्रॉली से टक्कर में कार का अगला हिस्सा पूर्णतः क्षतिग्रस्त हुआ व दोनों एयरबैग खुल गए... हम दोनों पक्षों में आपसी राजीनामा हो गया है, अब कोई कार्यवाही नहीं चाहते...’” खाली गाडीचा नंबर होता. तोच.

तिचा आवाज वाचतानाच बसत गेला. “बाबा, मी...”

“थांब. वहीत एअरबॅग बदलल्याची नोंद आहे?”

तिने सातही पानं दोनदा पाहिली. नव्हती.

म्हणजे एअरबॅग उघडल्या होत्या आणि नव्या बसल्याच नव्हत्या. स्टिअरिंगवर आणि इशिताच्या सीटसमोर नुसती झाकणं होती. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून विझावा लागतो. पेटलाच नाही तर समजावं, तो मुद्दाम तोडलाय आणि आत काही नाही. तो दिवा बघणं हे पहिलं काम, वर्कशॉपातला शिकाऊसुद्धा बघतो. दप्तरदारांनी त्या दिवशी किल्ली फिरवली होती, इंजिन मन लावून ऐकलं होतं आणि दिव्याच्या जागी त्यांना धुरकट डाग दिसला होता. बोल्टची कड बोटाला लागली तेव्हा मनात आलंही होतं, की आणखी कुणाला तरी दाखवावी. पण तसं म्हटलं असतं तर ‘का?’ असं कुणीतरी विचारलं असतं.

“माझ्यामुळे झालं हे,” देवश्री रडायच्या बेतात होती. “तुम्ही सांगा, सुनेने चुकीचं वाचलं म्हणून. मला काही वाटणार नाही.”

दप्तरदारांना क्षणभर तो मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. सोपं होतं. सून नवी, परक्या मुलखातली, लोक हसून सोडून देतील आणि ‘दप्तरदारांनी पाहिली’ हे शब्द शाबूत राहतील. पण मग पुढची गाडी? आणि तिच्या पुढची? त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं. किती दिवस हे वर्तमानपत्र उलटं धरायचं!

“तुझं काही चुकलं नाही,” ते म्हणाले. “वाचायचं काम माझं होतं. छत्री दे.”

आल्हाद सहा वाजता गाडी ताब्यात घेणार होता. दप्तरदार फ्रीगंजच्या उन्हातून पायीच निघाले. दवाखान्यात दोन पेशंट गाल धरून बसले होते. आल्हादने त्यांना पाहिलं आणि हातमोजे काढतच बाहेर आला.

“या काका! बस, सहा वाजले की जाऊन राहिलो. तुम्ही पण चला ना संग.”

“आल्हाद, गाडी घेऊ नकोस.”

आत नेऊन त्यांनी सगळं सांगितलं. कागद पुढे ठेवला. ट्रॅक्टर, एअरबॅग, दिवा, सगळं. आणि मग तेही सांगितलं. “तो दिवा मला दिसला नाही. मला वाचता येत नाही, आल्हाद. दीड वर्ष झालं. रिपोर्टवर सही माझी आहे, पण बघितलं काही नाही मी. तुझ्या पोरीला त्या सीटवर बसवलं असतंस तू, माझ्या सहीवर.”

आल्हादने कागद वाचला. तो चिडेल, ओरडेल, या तयारीने दप्तरदार आले होते. तो ओरडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं हे त्यांना दिसतही नव्हतं.

“काका, एक विचारू? वाईट नका वाटून घेऊ.”

“विचार.”

“मी तर इंदूरहून कंपनीचा माणूस बोलावणार होतो, मशीन लावून चेक करणारा. डीलरच म्हणाला, ‘काहे को बाहर का आदमी? दप्तरदार साहब को दिखा लो, उन्होंने हाँ बोल दी तो समझो पक्की है.’ तुमचं नाव त्यानेच काढलं. मला वाटलं, केवढा मान आहे काकांना.”

पस्तीस वर्षांत एकाही विकणाऱ्याने आपणहून दप्तरदारांचं नाव घेतलं नव्हतं. आणि हा तर इतका निर्धास्त, की तो कागद फाईलमधून काढून घेण्याचीही त्याने तसदी घेतली नव्हती. कशाला घेईल? त्यांना अपमान वाटला, संताप आला आणि मग दोन्हींचाही कंटाळा आला.

आल्हादने डीलरला फोन लावला, गाडी नको म्हणून सांगितलं आणि आवाज चढवून बरंच काही सुनावलं. मग रिक्षा बोलावून दिली. “घरी पोचलात की फोन करा काका,” एवढंच म्हणाला आणि पेशंटकडे वळला.

देवश्री दारातच उभी होती. चपला काढायला ते भिंतीला टेकले, तेव्हा तिने हात पुढे केला. एरवी ते तो झिडकारायचे. आज धरला.

“घेतली का हो गाडी त्यांनी?”

“नाही. वाचली पोर.”

“आणि तुम्ही... माझं नाव सांगितलंत ना?”

“माझंच सांगितलं. दिसत नाही म्हणून.”

“अगंबाई! म्हणजे आता सगळ्या बाजाराला कळणार?”

“बाजाराला कधीचंच कळलं होतं,” दप्तरदार म्हणाले. “म्हणून तर इतके फोन येत होते.”