सॅपर काशिनाथ आणि गावची सावड

एकाहत्तरच्या लढाईत मी लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये, म्हणजे सुरुंग पेरणाऱ्या-काढणाऱ्या दलात, हवालदार होतो. एकाच सुरुंगात माझा डावा पाय गेला आणि माझ्या सेक्शनमधल्या सॅपर काशिनाथचे दोन्ही डोळे. आम्ही एकाच गावचे, खालापूरच्या अलीकडचे. दीड वर्षाने हॉस्पिटलातून परतलो. गावाने हार घातले आणि पहिल्याच लावणीला आम्हा दोघांना सावडीतून वगळलं.

सावड म्हणजे आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. घरटी एक माणूस. सावडीचा पुढारी गणूमामा. तो म्हणाला, "तुमी देशासाठी लय केलंत. आता बसा. तुमची लावणी आमी करू." केलीही, सगळ्यांची उरकल्यावर. त्यात वाईट हेतू नव्हता, म्हणून भांडताही येईना. चीड मात्र यायची.

अपंगांसाठी काही सोय आहे का, हे विचारायला खालापूरच्या कचेरीत तीन खेपा घातल्या. उत्तर एकच: आंधळ्याला शहरातल्या संस्थेत पाठवा, खुर्च्या विणायला शिकेल. काशिनाथ म्हणाला, "साब, आपल्या गावात खुर्ची हाय का कुनाकडं? मला सावडीत घ्यायला सांगा." त्याला तेवढंच हवं होतं.

रोपं उपटून जुड्या बांधायचं काम बसून होतं. त्याला हात लागतात, डोळे नाही. मी गणूमामाचा पिच्छा पुरवला. तिसऱ्या वर्षी तो कसाबसा कबूल झाला. "एक दिस बघू."

त्या दिवशी सकाळी सहाला मी काशिनाथला गणूमामाच्या राबात, म्हणजे रोपं वाढवतात त्या तुकड्यात, नेऊन बसवलं. आठला विचारलं, "रिपोर्ट?"

"चाळीस जुड्या, साब."

तो हसत होता. लढाईनंतर त्याला हसताना मी प्रथमच पाहिलं. मी चहा आणायला घरी गेलो.

दहाला परतलो तर लावणीच्या बायका काम थांबवून उभ्या. हा तुकडा लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचा, लगतचा उशिरा पिकणाऱ्या गरव्याचा. मध्ये बांध नव्हता, खूण म्हणून नुसती एक फांदी खोचलेली. काशिनाथ सरकत सरकत गरव्यात गेला होता. दोन्ही रोपं मिसळून अर्धं खाचर लावूनही झालं होतं. आता कापणी कधी करायची?

चूक माझी. सुरुंगांतून वाट दाखवायला आम्ही पांढरी फीत ताणायचो. इथे हातभर सुतळी ताणायचं मला सुचलं नाही. मी तसं गणूमामाला सांगितलं.

"जाऊ द्या, हवालदार. आंधळ्या मानसाला काय बोलायचं?"

आदल्याच दिवशी पुतण्याने नांगराचा फाळ मोडला, तेव्हा याच मामाने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

परतताना काशिनाथचा हात माझ्या खांद्यावर होता. तो म्हणाला, "साब, मामानं मला शिवी पन नाय दिली."

पुढच्या लावणीला मी सुतळीचं बंडल घेऊन त्याच्या दारात गेलो. तो उठला नाही. चार पावसाळे पडवीत बसून राहिला आणि एका तापात गेला.

शाळेच्या भिंतीवर गावातल्या दोन जवानांची नावं आहेत, लढाईत पडलेल्यांची. तिथे काशिनाथचं नाव लिहायला कुणी तयार नाही. तो घरी वारला, म्हणतात. मी अजून भांडतो. माझ्या लेखी तो त्या सकाळी दहा वाजता पडला, गणूमामाच्या राबात, आणि त्याचा सेक्शन कमांडर मी होतो.