रेवाला परत रेवण करा म्हणाले

"हे सगळे 'गं' काढून तिथं 'रं' घालावे लागतील," संयोजक माईकवर म्हणाला. "पात्र पुरुष आहे." मग माझी कथा हातात धरून त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओढणी. हात. हनुवटी. म्हणाला, "आता कळलं, कथेत असं का झालंय."

लोक हसले. सगळे नाही. मला पुरतील एवढे.

कर्जतजवळ कळंबच्या एका रिसॉर्टमध्ये आमचा मेळावा होता. मोबाईलवर भागाभागानं येणारी एक कादंबरी आहे, आम्ही सगळे तिचे वेडे वाचक. तिचा नायक रेवण. तो नदीत उतरला की पलीकडे बाई होऊन निघतो, रेवा. परत उतरला की रेवण. ही पात्रं घेऊन आम्ही वाचक आपापल्या कथा लिहितो. फॅन फिक्शन. ग्रुप त्या संयोजकाचा. मुंबईत मोठी नोकरी, कळंबला फार्महाऊस. निवडक कथांचा संग्रह छापायचा होता, त्यात कुणाची कथा घ्यायची ते तोच ठरवणार.

मी कडावची. कर्जतला झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. जन्मले तेव्हा मुलगा झाला म्हणून घरच्यांनी पेढे वाटले. मी मुलगी आहे हे मला शाळेपासून माहीत होतं, सांगायला विशी उलटली. भाऊ अजून बोलत नाही. आई बोलते, पण लोकांसमोर नाही. ग्रुपवर मला टोपणनावानं ओळखायचे. तिथं मी नुसती लेखिका होते. 'ताई, पुढचा भाग कधी?' असं लोक विचारायचे. म्हणून तर गेले. नवा कुर्ता शिवून.

माझ्या कथेत रेवा नदी ओलांडते आणि परत फिरत नाही. पलीकडच्या गावात राहते, भात लावते, पाटलाशी भांडते. गावातल्या बाया तिला आमच्या बोलीत हाक मारतात. "कुठं चाललीस गं रेवा?" एवढंच.

चर्चा सुरुवातीला चांगली चालली होती. खोपोलीहून आलेल्या एका शिक्षिकेनं विचारलं, रेवा कायमची बाईच राहिली तर मूळ पात्राचं बदलणंच संपलं, मग ते पात्र खरं कसं राहील? मला प्रश्न आवडला. मी म्हटलं, मूळ कादंबरीत देह बदलतो, स्वभाव नाही. दोन्ही रूपांत तोच हट्ट, भीती वाटली की तेच हसणं. ते मी ठेवलंय. नदीही आहे. ती परत जाऊ शकते. तिला जायचं नाही. बाई म्हणाल्या, पटत नाही, पण विचार करीन. अशा बाईंशी मी दिवसभर भांडले असते.

संयोजकाला भांडायचंच नव्हतं. त्यानं माझी कथा उचलली आणि ते 'गं'च्या जागी 'रं' घालायचं बोलला. लोक हसून झाल्यावर म्हणाला, रेवण जन्मानं पुरुष, रेवा हे त्याचं सोंग. भाषा गोड आहे, गावाकडची. शेवट तेवढा बदल, रेवणला परत आण, कथा घेतो. आणि मग, "मूळ बदलता येत नसतं, रे."

तो 'रे' मला होता.

तेव्हा कळलं. रेवाबद्दल कुणी बोलतच नव्हतं. मी कोण, हे ठरत होतं. माझ्या तोंडासमोर. मला न विचारता. माझ्या चुलत्यांनीही हेच ठरवलं होतं, पण त्यांनी ती कादंबरी वाचली नव्हती. यानं वाचली होती. याच्या टी-शर्टवर रेवाचं चित्र होतं. छापलेली रेवा याला छातीवर चालते. समोर बसलेली चालत नाही.

मी उठले. मंचावर गेले. त्याच्या हातातून कागद घेतले. माझा आवाज घोगरा आहे, जन्मभर दाबून बोलत आले. तेव्हा दाबला नाही.

"कथा देणार नाय. आणि मला रे म्हणायचं नाय."

विषय वैयक्तिक करतोयस, असं तो म्हणाला. करतोयस. पुन्हा तेच. खोपोलीच्या बाईंनी मान खाली घातली. मी पिशवी उचलली आणि चालत रस्त्यावर आले. संध्याकाळपर्यंत मला ग्रुपमधून काढलं होतं.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कशाला गेलास तिकडं? लोकं हसणारच." मी तिच्याशीही भांडले. मग कथा शब्दही न बदलता नेटवर दुसरीकडे टाकली. टोपणनाव काढलं, माझं खरं नाव घातलं. मी ठेवलेलं. खाली शिव्या येतायत. येऊ देत.

राग गेलेला नाही. जावा असं वाटतही नाही. एकच गोष्ट आत सलते. अपमान त्यानं केला आणि बाहेर मी पडले. पुढचा मेळावा खालापूरला आहे असं ऐकलं. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. पहिल्या रांगेत बसणार आहे. माझ्याबरोबर बसणं ज्याला सोसणार नाही, त्यानं बाहेर जावं. मी उठणार नाही.