मासे माझे, पाणी त्याचं

शेजाऱ्यानं मला फसवलं, तेही बहात्तरच्या दुष्काळानंतर मी स्वतःच्या कमाईतून बांधलेल्या परसातल्या हौदावर. सौदा मीच घासाघीस करून ठरवला होता. मासे माझे, पाणी त्याचं. नुसतं पाणीच मागतो म्हणून तेव्हा मी मनात हसलो होतो. आता माशांचं ते हिरवट पाणी तो बादलीनं कुंपणापलीकडं नेऊन वांग्यांना घालतो आणि गोरेगावच्या बाजारात त्याचीच वांगी आधी संपतात.

मासे संपले की वांगी संपली, हे तो पुरतं ओळखून आहे. मी जाळी उचलली की कुंपणावर त्याचं डोकं दिसतं.

"दादा, आज सोमवार हाय. बराबर?"

दुसऱ्या दिवशी चतुर्थी निघते.

परवा वार मोकळा होता. मिशांचा मोठा मासा मी जाळीत धरला, तसा तो हळूच म्हणाला, "त्याचं नाव आबा ठेवलंय म्या. तुमच्या गेलेल्या वडलांवाणीच मिशा हायत, बराबर?"

आईनं वाकून पाहिलं आणि डोक्यावर पदर घेतला. तेव्हापासून ती त्या माशाला भाकरी कुस्करून घालते. शेजारी आता बाकीच्या माशांना काका, आत्या म्हणून हाका मारतो.

मग माझ्या कढईत नात्यातल्या कुणाला घालू, ते त्यानं आईसमोर उभं राहून सांगावं.